ब्याण्णवच्या खाली

६ फेब्रुवारी २०११

ती. विदाताईस,
ल्युबिंकाचा शि. सा. न. वि. वि.

मठात तुला सगळे मदर तेओक्तिस्ता म्हणतात, पण ते नाव माझ्या जिभेवर बसत नाही. तेव्हा ताईच. तुमच्याकडे फोन नाही ते एका परीनं बरंच. फोनवर मी रडले असते, पत्रात जरा शहाण्यासारखं लिहिता येतं.

बातमी अशी, की माझं मूत्रपिंड आपल्या भावाला, रादोयेला चालतंय. सगळ्या तपासण्या जुळल्या, जुळत नाही ती फक्त मी. एकशे आठ किलोच्या बाईला कापायला सर्जन तयार नाहीत. ब्याण्णवच्या खाली या, मग तारीख देतो, म्हणाले. म्हणून परवाच्या गुरुवारपासून डॉक्टर नेवेनाबाईंच्या देखरेखीखाली आहे. जेवण बंद. दिवसातून चार वेळा डब्यातली पावडर पाण्यात घुसळून प्यायची, सोबत काकडी नाहीतर कोबी. दर गुरुवारी वजन, रक्तदाब, रक्त. आणि मी दिवसभर उभी कुठे, तर बेकरीत, गरम, तुपकट पापुद्र्यांच्या बुरेकच्या परातीमागे. गिऱ्हाइकं म्हणतात, ल्युबिंका बुरेककडे बघते तशी नवऱ्याकडे बघितली असती तर तो टिकला असता.

रादोये आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. त्याला बटाटा नको, टोमॅटो नको, आपल्या झाडाचे अक्रोडसुद्धा नकोत. आम्ही दोघं आईच्या टेबलाशी बसतो आणि तिच्या हातचं कुणीच खात नाही. ती भांडी आदळते. शेवटी माझ्या बाटल्या भरायचं काम तिला दिलं, म्हटलं तेवढंच तिला बरं वाटेल.

मेमधल्या जुर्जेवदानच्या सणाच्या आत सोळा किलो उतरवायचेत. प्रार्थनेत आठवण ठेव. लोभ आहेच, मी बारीक झाले म्हणून तो बारीक करू नकोस.

तुझी
ल्युबा

१३ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुमचे ईस्टरचे उपास सुरू झाले असतील. या वर्षी मी तुझ्याही पुढे आहे, आणि पुण्य काही मिळत नाहीये. पाच आठवड्यांत पावणेदोन किलो. नेवेनाबाईंनी दोनदा काटा तपासून घेतला. मग खुर्ची जवळ ओढून हळूच विचारलं, चोरून काय खाता. मी म्हटलं, आई बाटली भरते, मी पिते, त्यापलीकडे कण नाही. त्यांनी मान हलवली, पण वहीत काहीतरी लिहिलं.

रादोयेचा चेहरा मातकट झालाय. रविवारी तो जिन्यात मध्येच बसला. मी शेजारी बसले, तर म्हणाला, "ल्युबा, तुला द्यायचं नसेल तर सांग. मी रागावणार नाही." मी म्हटलं, द्यायचंय. तो बरं म्हणाला आणि कठडा धरून उठला. ताई, तो ओरडला असता तर परवडलं असतं.

पत्राची वाट पाहते. लोभ असावाच, आत्ता त्याचीच गरज आहे.

ल्युबा

१७ मार्च

चि. विदास, आईचे अनेक आशीर्वाद.

तुला मदर म्हणणार नाही. या घरात आई एकच आहे.

एक गोष्ट तुलाच सांगते, तुमच्यात गुपितं ठेवायची सवय असते म्हणून. ल्युबाची ती पावडर मी चाखून पाहिली. भिंतीच्या चुन्याला बरी चव असेल. माझी पोर पहाटे उठून बेकरीत आठ तास उभी राहते, तिनं यावर जगायचं? पहिल्या आठवड्यापासून मी त्यात आपले अक्रोड घालते. भाजून, सालं चोळून, पिठासारखे कुटून. सायीच्या दुधाची पावडर आणि चमचाभर मध. तिला कळतसुद्धा नाही. मुकाट्यानं पिते, गाल कसे शाबूत आहेत बघ.

कुणाला सांगू नकोस. तब्येतीला जप, तिथे दगडी जमीन थंड असते.

तुझी आई
कोसारा

२४ मार्च

ती. आईस, शि. सा. न.

तुझं पत्र मिळालं. त्या बाटलीवर रादोयेचा जीव आहे. ल्युबाला डॉक्टर खोटारडी समजतात, भाऊ भित्री समजतो, आणि तू गालांचं कौतुक लिहितेस. मला तुझा फार राग आला आहे.

मी मठात निघाले त्या दिवशी तू माझे बूट लपवले होतेस, आठवतं? मी सपाता घालून बस पकडली. बूट नव्हते म्हणून मी थांबले नाही, फक्त पाय भिजले.

ईस्टरच्या आत तू स्वतः ल्युबाला सांग. नाहीतर मी लिहीन. तोवर बाटलीला हात लावू नकोस.

तुझी
विदा

३ एप्रिल

चि. विदास आशीर्वाद.

हात लावणं बंद केलंय. पण मला अडाणी समजू नकोस. अक्रोडानं माणूस जाड होतो हे मला डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक आहे.

मीच आधी डॉक्टरांकडे गेले होते, माझं मूत्रपिंड घ्या म्हणाले. बहात्तराव्या वर्षी घेत नाहीत. मग त्यांनी सांगितलं, ल्युबा ब्याण्णवच्या खाली आली की दोघांना एकाच सकाळी शेजारशेजारच्या खोल्यांत नेणार. तेवढंच माझ्या डोक्यात राहिलं. तुला देवानं नेलं, रादोयेला त्या यंत्रानं. उरलेली एक ब्याण्णवच्या वर होती तोवर माझी होती.

रादोये जिन्यात बसला हे मला दिसत नाही असं समजू नकोस. रोज कुटताना दिसतं. कुठल्या पोराकडे बघू ते सांग, मग राग कर.

आई

२८ एप्रिल

ती. ताईस,
ल्युबाचा शि. सा. न. वि. वि.

आईनं शुक्रवारी सांगितलं. आम्ही ईस्टरची अंडी लाल रंगवत होतो. तिनं डाव खाली ठेवला, सगळं एका दमात बोलली आणि माझ्याकडे न बघता उभी राहिली. मी तिला ओरडावं अशी तिची फार इच्छा होती. मला ओरडता आलं नाही.

कारण मला ठाऊक होतं, ताई. पहिल्याच दिवशी. सेहेचाळीस वर्षं आईच्या हातचे भाजलेले अक्रोड खाल्लेत, ते मला ओळखू येणार नाहीत? झाकण उघडताच वास आला. टाकून देईन म्हटलं आणि प्यायले. दुसऱ्या दिवशीही प्यायले. दर गुरुवारी काट्यावर रडले ते खरं रडणं होतं, पण मनात कुठेतरी सुटल्यासारखंही वाटायचं. मला कापून घ्यायची भीती वाटते. जिन्यात मी द्यायचंय म्हटलं, तेव्हाही वाटत होती. तुला लिहिलं त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि सगळंच खोटं होतं.

आज नेवेनाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली वही मिटून ठेवली. मग म्हणाल्या, भीती वाटते हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत, त्यावर बोलायला आमच्याकडे माणसं आहेत. मागे हटायचं असेल तर अजूनही हटता येईल, रादोयेला कारण कळणार नाही. मी नको म्हटलं. बाटली आता मीच भरते. आईनं अक्रोड घालणं थांबवलं तेव्हापासून तीन आठवड्यांत साडेचार किलो उतरले. सर्जन शरद ऋतूत बघू म्हणतात. रादोयेला तोवर यंत्रावर काढायचंय.

त्यालाही मीच सांगितलं, डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून. तो छताकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हाकलेल. तर म्हणाला, "भाजलेले होते?" मी हो म्हटलं. त्याला दोन वर्षांत एक खायला मिळालेला नाही. मग विचारलं, "चव तशीच आहे का गं?"

घरी येऊन आईला हे सांगितलं. तिनं उरलेले अक्रोड एका पिशवीत भरले, गाठ मारली आणि माळ्यावर ठेवले. शरदापर्यंत कुणी हात लावायचा नाही म्हणाली.

मला अजून भीती वाटते. लोभ ठेव, आणि या वेळी माझ्या एकटीवर नको, तिघांवर.

तुझी
ल्युबा