तळहातावरचं लिंबू

४ एप्रिल
बदलीवर आलो बँकेत, आणि घुसलो नाटकात! जत्रेच्या ऐतिहासिक नाटकात भित्र्या कारकुनाचं काम. म्हणे, तुम्हाला शोभतं. बाकीचे मावळे वर्षानुवर्षं हेच करणारे. माझं वऱ्हाडी 'कायले' ऐकून नितीन पोट धरून हसतो. तो सेनापती. त्याचे वडील दत्तूकाका दांडपट्टा फिरवतात, पंचक्रोशीत नाव.

७ एप्रिल
कारकुनाचं काम रिकामं का होतं, ते आज कळलं. दुसऱ्या अंकात त्याच्या तळहातावर लिंबू ठेवतात आणि दत्तूकाका पट्ट्याने कापतात. खऱ्या पट्ट्याने! लाकडी का नाही, विचारलं. नितीन म्हणाला, "मंग लोक कशाला येतील?" गेल्या वर्षी पोस्टातला एक होता. त्याचा अंगठा... जाऊ दे. या कामाला गावचा माणूस कधी उभा राहत नाही, बाहेरचाच लागतो.
नाही म्हणायचं होतं. सगळे बघत होते. "करतो" म्हणालो. गाढव!

१० एप्रिल
तालीम. पट्टा वर गेला की मी हात ओढायचो. "साडी आना रं साहेबांना!" नितीन. मग गमछ्याने मनगट खांबाला बांधलं. लिंबू कापलं गेलं. माझी पँट ओली. नितीनने मोबाइलवर घेतलं, ग्रुपवर टाकलं. आमच्या कॅशियरनेही पाहिलं.
घरी येऊन रडलो. या वयात.

१२ एप्रिल
आज हात बांधू दिला नाही. लिंबाकडे बघायचंच नाही ठरवलं, दत्तूकाकांकडे बघितलं. अरे बाप्पा! त्यांचा हात लटलट कापत होता. पट्टा सतत फिरवतात म्हणून लांबून कळत नाही. थांबला की टोक नाचतं. लिंबू कापलं, माझ्या बोटालाही ओरखडा.
नंतर त्यांनी मंडपामागे गाठलं मला. त्यांच्या बशीतला चहा सांडत होता. "साहेब, कुनाला बोलू नका. यंदाचा खेळ शेवटचा हाय."
माझ्यापेक्षा काकाच जास्त घाबरलेले. एवढं बरं वाटलं की काय सांगू.

१३ एप्रिल
सगळे जमले होते. म्हटलं, "भित्र्याच्या हातावर काय मजा? सेनापतीनेच हात पुढे केला तर टाळ्या जास्त पडतील."
सगळ्यांना पटलं, कारकुनाचं कामच काढून टाकलं. नितीन छाती काढून म्हणाला, "चालतंय की! बापाचा हात हाय."
दत्तूकाकांनी गुडघ्याचं निमित्त काढून तालीम टाळली.
मला मजा आली. खरंच आली.

१५ एप्रिल
आज प्रयोग. सकाळी दत्तूकाका काउंटरवर. पासबुक नाही, काही नाही. "तुमीच सांगा त्याला. मी बाप हाय, माज्यानं न्हाय सांगवत."
"काका, मागे रांग आहे," म्हणालो. गेले.
संध्याकाळी नितीनचा फोन. पुढची खुर्ची राखून ठेवलीय म्हणाला. मग आवाज खाली करून, "साहेब, पयल्यांदा लय भीती वाटली होती काय वो?"
सांगायचं एकच वाक्य होतं. ओठावर आलंही. मग तो व्हिडिओ आठवला, कॅशियरचं हसू आठवलं.
"हात अजिबात हलवू नको," म्हणालो.
थँक्यू म्हणाला. मंडपात लाउडस्पीकर सुरू झालाय. शर्ट बदलून निघतो.