पेडलवरचा पाय

८ नोव्हेंबर
सुनंदा दिवेलागणीला धानोऱ्याहून परतली. पिकअपमध्ये पळसाच्या पानांचे गठ्ठे, वर ताडपत्री. जेवताना म्हणाली, "मागच्या चाकातून घासल्यावानी आवाज येऊन राह्यला. देवरावनं ऐकला."

देवरावनं ऐकला. परवा याच गाडीत आरमोरीपर्यंत मी तिच्या शेजारी बसलो होतो. मला काही ऐकू आलं नाही.

म्हणालो, मागचे ब्रेक पॅड मी बदलतो. घरीच. कॉलेजला सुट्टी आहे.

भाताचा डाव हातात तसाच धरून तिनं माझ्याकडे पाहिलं.

९ नोव्हेंबर
दुकानात गेलो. दुकानदार: "मागं पॅड नसते, सर. ड्रम हाय. लायनर लागते."

काल रात्री मोबाईलवर पाहिलेल्या व्हिडिओत पॅड होते. गाडी परदेशी होती, हे लक्षात घ्यायला हवं होतं. लायनर घेऊन आलो. सु.ला सांगितलं. खूप हसली. मीही हसलो. तिथवर ठीक.

मग ती फोन घेऊन अंगणात गेली. "पॅड मागतले म्हणे! ... नाई ना, खरंच ... आता बदलवतो म्हणतेत, काय करू."

तिकडे देवराव हसला की नाही, कळलं नाही. हसला असता तर बरं.

१० नोव्हेंबर
नोंद करण्यासारखं घडलं नाही. तरी लिहितो.

सु.नं पत्रावळीचं मशीन घातलं तेव्हा जंगलातल्या गावांतून पानं गोळा करून द्यायला देवराव मिळाला. धानोऱ्याच्या आत त्याचं गाव. रस्ते दाखवायला गाडीत बसतो, गावागावांत गोंडीत बोलतो. गाडी चालवायला तिला त्यानंच शिकवलं. तेव्हा मी पेपर तपासत होतो. उत्तरपत्रिकांवरून मान वर केली तर फाटकातून गाडी मागे घेणारी माझी बायको दिसायची, आणि गाडीच्या मागे उभा राहून दोन्ही हातांनी तिला बोलावणारा तो.

त्याची बायको पानं निवडते, गठ्ठे बांधते. सु.ची मैत्रीण आहे. माझ्याशीही चांगलं बोलते. त्यानं काही सिद्ध होत नाही.

पहिल्या वर्षी तो सु.ला ‘ताई’ म्हणायचा. हल्ली काहीच म्हणत नाही. "ऐकलं का", "हे पाहा", "चाललो मग". नाव न घेता बोलण्याची रीत आपल्याकडे कोणामध्ये असते ते मला माहीत आहे. माझी आईही बाबांना असंच

११ नोव्हेंबर
डावं चाक उघडलं. पुढच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला. चाक निघालं, ड्रम निघेना. मी लाकडाचा ठोकळा धरला, सु.नं हातोडा मारला. उलटं करायचा माझा विचार होता. ती म्हणाली, "तुमचा नेम मले माहीत हाय."

ड्रम सुटला तेव्हा काळी धूळ दोघांच्या तोंडावर. लायनर झिजून पत्र्याला टेकलेले, वर तेलानं ओले. आतलं छोटं सिलिंडर गळत होतं. नवीन आणलं. स्प्रिंग बसवताना तिनं पक्कड धरली, मी बोटानं ओढ घेतली. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली तशी तिनं काळा हात माझ्या गालावर पुसला.

कित्येक महिन्यांत आम्ही इतके जवळ बसलो नव्हतो. बोललो ते फक्त पान्यांबद्दल.

"सिलिंडरच गेलं असन, असं देवराव म्हणतच होता," ती म्हणाली.

मी उठून हात धुतले.

१२ नोव्हेंबर
आता नळीतली हवा काढायची. त्याशिवाय ब्रेक लागत नाही. एकानं आत बसून पेडल मारायचं आणि दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, उघडायचं. तेल येतं, हवा येते. निपल पुन्हा बंद होईपर्यंत पेडलवरचा पाय उचलायचा नाही. उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, केलेलं सगळं वाया. हे सु.नं मला दोनदा समजावलं. एकदा पुरलं असतं.

देवराव सकाळीच आला. मोटरसायकल फाटकाशी. चहा. तेलाची बाटली त्यानं स्वतःहून हातात घेतली. सु. चाकाशी बसली, मी आत. तिची आज्ञा यायची: "मारा, मारा, मारा... धरा." मग पेडल पायाखाली हळूच खाली जायचं, जसं झोपलेल्याचं अंग सैल पडतं. "सोडा." पुन्हा.

डावीकडच्या आरशात दोघं दिसत होते. ती वाकलेली, पदर कमरेला खोचलेला. तो उकिडवा, नळीचं टोक बाटलीत धरून. त्यानं गोंडीत काहीतरी म्हटलं. लहानच वाक्य. तिनं गोंडीतच उत्तर दिलं, आणि हसली. मी शिकवतो ती भाषा वेगळी. घरात माझ्या बायकोचं एक हसू आहे ज्याचा अर्थ मला विचारावा लागतो, आणि विचारलं की उत्तर येतं, "असंच."

पाय उचलला गेला.

उचलला. ‘गेला’ कशाला लिहायचं.

"काऊन सोडला?" सु. ओरडली. "मी म्हटलं काय सोडा?"

"घसरला."

देवराव म्हणाला, "होते, सर. चप्पल काढून बसा. अनवाणी पायाले बरोबर समजते."

सु.नं त्याच्याकडे पाहिलं, मग नळीकडे. "जाऊ द्या. देवराव, तू बस."

मी घरात आलो. खिडकी लावली नाही. आवाज येत होते. पण ‘मारा’, ‘धरा’ असं काही नाही. ती पान्यानं रिमवर टकटक करायची, तो दाबायचा. टक, तो सोडायचा. शब्द लागत नव्हते.

पाणी प्यालो. पुन्हा प्यालो. काम लवकर झालं.

१३ नोव्हेंबर
उजवं चाक बाकी. लायनर दोन्हीकडे बदलावे लागतात, नाहीतर गाडी ब्रेक मारताना एका अंगाला ओढते. सिलिंडर तिकडचंही बदलायचं. आम्ही दोघांनीच केलं. ड्रम आज सहज निघाला.

हवा काढायची वेळ आली तसं म्हणालो, "देवरावला बोलाव."

"काऊन?"

"त्याला समजतं."

ती पाना पुसत राहिली. "काल पाय घसरला नवता."

मी जॅकचा दांडा उचलून बाजूला ठेवला.

"आरशात मी तुमाले दिसून राह्यली होती ना? मग तुमी मले नाई दिसले का? मी तुमचं तोंडच पाहून राह्यली होती."

तिला राग आला होता असं नाही. आला असता तर सोपं होतं.

"धानोऱ्याकडच्या घाटात गाडी मी चालवतो का तो?" मी म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. प्रश्नाला अर्थच नाही.

"मी चालवते," ती म्हणाली. "ब्रेक मी मारते. हवा राह्यली तर दरीत मी जाते. तो बाजूले बसून राह्यते, तो बी जाते. तुमी घरी."

मग म्हणाली, "उद्या तुमीच बसा पेडलवर. नसन बसायचं तर आताच सांगा."

बसतो म्हणालो.

‘तुमी घरी’. जेवताना, नंतर अंथरुणात, तेच.

१४ नोव्हेंबर
सकाळी. चप्पल काढून बसलो. पेडल गार होतं.

चाकाशी बसण्याआधी सु. दारापाशी आली आणि उजवा आरसा आत दुमडून टाकला. "आज आरसा नाई," म्हणाली. एवढंच.

समोर फाटक, त्यापलीकडे कापणी झालेल्या धानाचं शेत. मागचं काही दिसत नाही. फक्त तिचा आवाज. मारा, मारा, मारा, धरा. पेडल खाली. सोडा. पुन्हा. मी चुकलो नाही. तेलातले बुडबुडे कमी होत आहेत, ती म्हणाली. आवाजात समाधान होतं, किंवा मला हवं होतं म्हणून वाटलं.

"धरा."

धरला. तेवढ्यात मोटरसायकल. फाटकातून आत आली, माझ्या बाजूनं मागे गेली. देवरावनं मान लववली. मी लववली की नाही आठवत नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

मागे बोलणं सुरू झालं. गोंडीत. तो, ती, पुन्हा तो. पेडल पार तळाला टेकलं होतं, मांडी थरथरायला लागली. निपल उघडं असावं. किंवा कधीच बंद झालं असावं आणि ती विसरली असावी. आरसा हात पुढे केला तर उघडला असता.

हात पुढे केला नाही.

"झालं, सर. सोडा," देवराव म्हणाला.

मी सोडला नाही. ते तिनं म्हणायचं होतं.

"सर? झालं जी. सोडा."

मी शेताकडे पाहत राहिलो. मग सुनंदा हसली. त्याच्याकडे पाहून, की माझ्या पाठीकडे, कळायला मार्ग नव्हता.

पाय तसाच ठेवला.