चार शून्यं

जहाजावरून,
४ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मी बघत नसताना समुद्रात काय होऊन गेलं, हे आता कोण सांगणार? आठ दिवस हा प्रश्न घेऊन डेकवर येरझारा घालते आहे.

दिवसभर पाण्याकडे बघून कंटाळा येत नाही का, असं तू विचारलं होतंस. येतो. कप्तानाच्या खोलीच्या छपरावर एक उघडी खुर्ची आहे. गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही, दोन तासांची पाळी. दर अर्ध्या तासाला एक चौकट भरायची: पक्षी कोणते, किती, देवमाशाचा फवारा दिसला का, ढग कसे, वारा कुठून. काहीच दिसलं नाही तर शून्य. धुक्यामुळे किंवा आणखी कशामुळे बघताच आलं नाही, तर आडवी रेघ. या दोन्हींत गल्लत करायची नाही, असं आमच्या प्रमुखांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

गेल्या सोमवारी रसदीच्या बोटीतून तुझं पत्र आलं. डाव्या डोळ्यानं धुरकट दिसतं, हे वाक्य तू 'बाकी सगळं ठीक'च्या आड दडवलं होतंस. खुर्चीत बसून मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मान वर केली तेव्हा पाळी संपली होती आणि चारही चौकटी कोऱ्या होत्या. खालून प्रमुखांनी वही मागितली. मी चार शून्यं काढली आणि वही दिली.

जेवताना स्वयंपाकी म्हणाला, आज देवमासे पार त्याच्या खिडकीशी आले होते, सोबत पिल्लूही होतं. मोजून मोजून ताईंची बोटं झिजली असतील. सगळे हसले. मीही हसले.

मालवाहू जहाजांचा नवा मार्ग या पाण्यातून न्यायचा की वळसा घालून, ते आमच्या वह्यांवरून ठरणार आहे. सांगावं, तर कायमच्या जागेसाठी शिफारस कोण देईल? आणि ती जागा मिळाली की तू गिरणी सोडायची, असं आपलं ठरलं आहे. काय करू, ते लिही. लोभ आहेच, तो माझ्या चुकीसकट असू दे.

तुझी,
टिटवी

*

घरून,
१९ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं लहानपणापासून हेच. कप हातातून निसटला की तो जमिनीवर पोचायच्या आत तू सांगायला हजर.

या वेळी गप्प राहा. एवढा थोरला समुद्र, त्यातले दोन तास ते काय. देवमाशांना काही तुझी वही वाचता येत नाही. पदवी घेतलीस, आता थोडं व्यवहाराचंही शीक. आपल्यासारख्यांना दार एकदाच उघडतं.

आता माझं ऐक, आणि पोटात ठेव. महिनाभर मी गिरणीत कापडाची ठाणं हातानं तपासते आहे. दिव्याच्या टेबलावरून कापड सरकतं, मी बघितल्यासारखं करते आणि बोटांनी गाठी चाचपते. डाग काही बोटांना लागत नाही. तरी 'तपासले'चा शिक्का मारते. वीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. परवा देखरेखीची बाई म्हणाली, मावशी, तुमचा शिक्का असला की आम्ही ठाण उलगडूनसुद्धा बघत नाही. त्या दिवशी डबा तसाच घरी आणला.

तुझी जागा पक्की व्हायला दोनच महिने आहेत. तेवढे ढकलते. दादाला यातलं कळू देऊ नकोस, तो घर डोक्यावर घेईल. वाऱ्यात कान बांधून बस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
आई

*

जहाजावरून,
६ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. शिक्क्यापर्यंत वाचलं आणि तशीच जिना उतरून प्रमुखांकडे गेले. तू गप्प राहायला सांगितलं होतंस. पण तुझं ठाण आणि माझी वही मला एकाच टेबलावर दिसायला लागली.

ते ओरडले नाहीत. अशी आणखी किती शून्यं आहेत, एवढंच विचारलं. एकही नाही, मी म्हणाले. तरी त्यांनी माझी अख्खी वही माझ्यासमोर पानन् पान तपासली. ते मला फार लागलं. मग लाल शाईनं चार शून्यं खोडली, चार रेघा ओढल्या आणि खाली माझी सही घेतली. या सफरीत शिफारस मिळणार नाही. आठवडाभर माझी खुर्चीही दुसऱ्याकडे आहे, मी वह्यांच्या नकला काढते.

आज वहीशिवायच वर जाऊन उभी राहिले. ढग खाली आले होते. एक अल्बट्रॉस पंखसुद्धा न हलवता लाटांच्या घळीतून वर येत होता, पुन्हा उतरत होता. मोजायचा नव्हता, तरी मान वळवता येईना.

आणखी एक. कालच दादाला वेगळं पत्र लिहिलं: डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे आणि आईला स्वतः घेऊन जा. ते कालच्याच बोटीनं गेलं. हे पुढच्या बोटीनं येईल, म्हणजे तुझ्या हाती पडेपर्यंत दादा येऊन गेलेला असेल. त्याला बोलू नकोस, मला बोल. आणि राग ओसरला की लोभ होता तितका परत कर.

तुझी,
टिटवी