मौनीला काय हवंय

सोमवार, ४ मार्च

जमलं! बेकरीत सगळ्यांना गोळा केलं, टाळ्या वाजवायला लावल्या आणि केकवर क्रीमची फुलं काढणाऱ्या मौनीच्या ॲप्रनला ‘महिन्याची मानकरी’ असा बिल्ला लावला. मॅनेजर झाल्यावरचं माझं पहिलं शुभकार्य. मौनी लालबुंद झाली. लाजली असेल, म्हणून मी आणखी कौतुक केलं.

मंगळवार, ५ मार्च

मौनी आली नाही. मालकांचा फोन — “शनिवारी लग्नाचा केक आहे. फुलं कोण काढणार? तुम्ही?” मी शाळेत चित्रकलेत काठावर पास.

आमचे हे म्हणतात, “मलाही लाव बिल्ला. मीही उद्या घरी राहतो.”

बुधवार, ६ मार्च

तिच्या घरी गेले. दारातच म्हणाली, “बेकरीसमोरच्या दुकानात कामाचं विचारून आलेय. तिथे मागच्या खोलीत बसवतात.”

म्हटलं, माझं काय चुकलं तेवढं सांग. एरवी गप्प बसण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. आज म्हणाली, “बाई, सगळे बघायला लागले की हात थरथरतो माझा. आणि वर्षानुवर्षं गुलाबच काढतेय. आता स्वप्नातही गुलाब येतात.”

“मग काय काढायचंय?”

चक्क हसली. “मासे.”

मागची खोली कबूल केली. मासेही — जीव मुठीत धरून.

गुरुवार, ७ मार्च

नवरीला फोन केला — गुलाबांऐवजी मासे चालतील का? ती खिदळलीच. “आमची ओळख पोहायच्या तलावावर झाली, हे तुम्हाला कोणी सांगितलं?” मी गूढ हसले. फोनवर ते दिसत नाही.

शनिवार, ९ मार्च

केक गेला. पांढऱ्या क्रीमवर माशांची झुंड, एकही दुसऱ्यासारखा नाही. तोंडावर आलेलं भाषण गिळलं, नुसती मान डोलावली. मौनीनेही डोलावली. समोरच्या दुकानाचा विषय निघाला नाही.

इकडे पाव भाजणारे भट्टीकाका फुगलेले. “तो बिल्ला रिकामाच पडलाय ना?” असं भिंतीला विचारलं. सगळ्यांसमोर त्यांना लावला. “पोरखेळ सगळा,” म्हणाले. घरी जाताना ॲप्रन खुंटीला, बिल्ला शर्टावर.

मंगळवार, १२ मार्च

मालकांना सांगितलं, प्रत्येकाची किल्ली वेगळी असते. ते म्हणाले, “हे तुम्हाला आता कळलं?” असो. जमायला लागलंय मला. हल्ली जो तो माझा सल्ला विचारतो.

शुक्रवार, १५ मार्च

चहाला आत जाताना दाराशीच थबकले. भट्टीकाका नव्या पॅकिंगवालीला समजावत होते — “बाईंना रोज एकदा काहीतरी विचारायचं. फुलतात बिचाऱ्या.”

त्यावर मौनी — मौनी! — म्हणाली, “एकदाच हं. पुन्हा विचारलंस तर बसवून सांगतात.”

पाय न वाजवता परत आले. थोड्या वेळाने पॅकिंगवाली समोर उभी. “बाई, रिबन निळी बांधू की पांढरी?”

“निळी,” म्हटलं.

आणि काय सांगू — बरं वाटलं.