दुसरी गोळी

लेकीच्या बाबास,

गेल्या महिन्यात फोनवर तू म्हणालास, "पोरीला गोळ्या देऊन गप्प करू नकोस." मी तुला नाही नाही ते बोलले. आता खरं सांगितलं तर 'बघ, मी म्हणत नव्हतो?' हेच ऐकावं लागेल, म्हणून हे पत्र मी पाठवणार नाही.

तिचं लक्ष टिकावं म्हणून डॉक्टरबाईंनी आधी जी गोळी दिली, तिचा असर चारच तास राहायचा. शाळेत गणितं सुटायची, पण घरी येईस्तोवर असर उतरायचा आणि ती दप्तर फेकून रडत बसायची. मग दिवसभर पुरणारी दुसरी दिली. रडणं थांबलं. डबा मात्र जसाच्या तसा परत येऊ लागला, आणि तिची अखंड बडबडही बंद झाली.

काल डॉक्टरबाईंनी विचारलं, "दोन्हींत कुठली बरी?"

"दुसरी," मी म्हणाले. "जेवतेही व्यवस्थित."

लेक माझ्याकडे बघतच राहिली. काय करू? घरात इतकी शांतता मला कित्येक वर्षांनी मिळाली होती.

बाईंनी तिला वजनकाट्यावर उभं केलं. वजन दोन किलोंनी उतरलं होतं. मग मी मान खाली घालून सगळं कबूल केलं. त्यांनी डोस कमी केला आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं.

जिना उतरताना तिनं विचारलं, "आई, तुला मी कुठली आवडते? पहिल्या गोळीवाली की दुसऱ्या गोळीवाली?"

"दोन्ही गं," मी म्हणाले. पण म्हणायला क्षणभर उशीर झाला. वर्गात तिचं कशाकडेच लक्ष नसतं, अशी शाळेची तक्रार होती. तो क्षण मात्र तिनं अचूक टिपला.

तुझ्या लेकीची आई