सासूबाईंच्या खुर्चीसमोरचा दिवा

४ मार्च

उडाला! पहिला दिवा लागलाच नाही, टप्पकन फुटला. नऊ व्होल्टची बॅटरी थेट एलईडीला लावली — मध्ये रेझिस्टर नको का? पुस्तकात दुसऱ्याच पानावर लिहिलंय. मी पहिलं पान वाचून बाह्या सरसावल्या.

नवरा म्हणाला, पन्नाशीत हे काय नवीन खूळ. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, भरतकाम शीक, निदान उशीवर दिसेल.

बघतेच.

५ मार्च

रेझिस्टर लावला, तरी अंधार. खूप डोकं फोडल्यावर कळलं — एलईडीचा लांब पाय अधिककडे हवा, मी उलटा लावलेला. फिरवला. लागला!! कणभर लाल उजेड. कोणी मान वर केली नाही, मी एकटीच नाचले.

९ मार्च

आज डाख द्यायला बसले. दुकानदार सोल्डरिंग म्हणतो, डाख हा सासूबाईंचा शब्द. बोट भाजलं. जन्मभर शिवणकाम केलेल्या त्या, लांबूनच म्हणाल्या की हात थरथरतोय तुझा. वर तंबी — रविवारी हा पसारा जेवणाच्या टेबलावर दिसला तर भंगारात.

जाऊ दे की. परत आणीन!

१२ मार्च

मावशी, म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, दुपारी बेल वाजवून वाजवून परत गेल्या. मी कामावर होते. सासूबाई घरातच, पण ऐकूच आलं नाही. त्यांचं मात्र एकच पालुपद — ती आलीच नाही, बहाणे करते. दोघी बहिणींचा अबोला. कान गेलेत हे सासूबाईंना सांगणार कोण? नवरा तर नाहीच.

मीही सांगणार नाही. करून दाखवीन.

१४ मार्च

झालं! दाराबाहेर बटण, चौकटीवरून वायर, खुर्चीसमोरच्या भिंतीवर दिवा. घरच्या विजेला हात लावला नाही, तेवढी अक्कल आहे. बॅटरीवरच. दाबलं — लख्ख!

सासूबाईंचा चेहरा पडला. "म्हणजे मी बहिरी?" उठल्या आणि वायर खसकन ओढली. नवरा म्हणाला, कशाला दुखावलंस तिला.

रडले. रागाने रडले. पण सोडणार नाही. हे शिकणंही नाही, टेबलही नाही.

१५ मार्च, रविवार

पसारा टेबलावरच. भंगारात काही गेलं नाही.

१७ मार्च

कामावरून आले तर सासूबाई दाराबाहेर उभ्या. बोट बटणावर, मान वाकडी करून उघड्या दारातून भिंतीकडे बघतायत. दिवा लागत होता, विझत होता. वायर सुटली होती तिथे नवा डाख — बारीक, चकचकीत, माझ्या कुठल्याही डाखापेक्षा सुबक.

"तुझा डाख कच्चा होता," त्या म्हणाल्या. "ओढल्याबरोबर सुटला."

मग चपला काढता काढता, माझ्याकडे न बघता — "मावशीला फोन कर. म्हणावं, ये आता."