दिल्लीचे अर्धे आणि भोईवाड्याचा नळ

सोमवार, १८ नोव्हेंबर १९५७

कुसुमचा अर्ज पुन्हा माझ्याच टेबलावर. चौथा. भोईवाड्याच्या प्रसूतिगृहात टाकीपासून बाळंतिणींच्या खोलीपर्यंतचा नळ कुजला आहे, आया अंगणापलीकडून बादल्या वाहतात, बंबसुद्धा हाताने भरावा लागतो, तरी नळ बदलून मिळावा. धाकटी सख्खी बहीण, तिथली मुख्य सुईण, पण अर्जात मला 'महाशय' म्हणते. तीन वर्षे मी एकच शेरा मारत आलो: तरतूद नाही, पुढील वर्षी विचार व्हावा. यंदा मात्र आमच्या म्युनिसिपल ऑफिसच्या पाटणकरसाहेबांना धीर करून विचारले. साहेब बऱ्या मूडमध्ये होते. म्हणाले, "घाला दुरुस्तीच्या यादीत, कर्णिक. बहिणीचे काम ना?" घातला. यादीत अकरावा. घरी येऊन सौ.ला सांगितले तर ती म्हणाली, नळ बसल्यावर सांगा.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

दिल्लीचे परिपत्रक आले, सचिवालयामार्फत. माता-बालकांच्या सोयीसाठी पैसा मिळणार. अर्धा दिल्ली देणार, अर्धा आम्ही घालायचा. फक्त नव्या बांधकामाला. दुरुस्तीला एक नवा पैसासुद्धा नाही. मार्चअखेर कामाचा हुकूम निघाला नाही तर सगळे परत.

पा.सा. (पाटणकरसाहेब, इथून पुढे एवढेच लिहीन, हात दुखतो) खुर्चीवरून उठून उभेच राहिले. "अर्धे फुकट मिळतेय कर्णिक, सोडायचे?" मी विचारले, आपले अर्धे कुठून आणायचे? त्यांनी दुरुस्तीची यादी माझ्यापुढे सरकवली आणि तांबडी पेन्सिल दिली.

सातव्या कामापासून खाली रेघ मारली. करी रोडचे गटार गेले, शाळेचे छप्पर गेले, अकरावा नळही गेला. कुणी भांडले नाही, कुणाचा आवाज चढला नाही. चहा आला, तो प्यायलो. पेन्सिलीचे टोक मोडले तेवढेच.

रविवार, १ डिसेंबर

ट्रामने भोईवाड्यास. कुसुमला तोंडावर सांगायला हवे होते. दारातच ती दोन बादल्या घेऊन भेटली. आया तापाने घरी, म्हणून हीच भरत होती. पंचेचाळिशीला आली, कपाळ मोकळे, पदर खोचलेला. मी बादली घेऊ लागलो तर म्हणाली, "राहू दे दादा, तुझं धोतर भिजेल."

आत बाकावर लक्ष्मी राणे म्हणून लालबागची बाई तपासायला आलेली. नवरा गिरणीत. दिवस एप्रिलात भरतात. आधीची दोन्ही मुले कुसुमच्याच हातची. मी ऑफिसातला मोठा माणूस असे कुसुमने तिला सांगितले असावे, कारण लगेच म्हणाली, "दादानु, ह्यो नळ कधी येतलो? माझ्या पोराक तरी गरम पाणी मिळात मां?"

बघतो म्हटले.

ती गेल्यावर कुसुमला यादीचे सांगितले. ती रागावली असती तर बरे झाले असते. नुसते म्हणाली, "म्हणजे दिल्ली देतेय म्हणून आमचं गेलं?" हो, अगदी तसेच. मला इतकी लाज वाटली की चहा न घेता निघालो.

बुधवार, ४ डिसेंबर

ट्राममध्ये सुचले. दुरुस्ती म्हणून मागितले तर नाही ना? मग दुरुस्ती म्हणायचेच नाही. प्रसूतिगृहाच्या मागे एक नवी खोली दाखवायची. तिच्यासाठी नवा नळ टाकीपासून येईल, तो जुन्या खोलीतूनच जाईल. खोली बांधकाम, नळ बांधकामाचा भाग. अर्धे दिल्लीचे. स्वतःवरच खूश झालो, किती महिन्यांनी.

फॉर्ममध्ये एक रकाना: सध्याच्या इमारतीची स्थिती. तिथे 'ठीक' लिहिले तर दिल्ली कशाला देईल? आमच्या ऑफिसची रीत अशी की एक झाडू हवा असेल तर अख्खा वॉर्ड कचऱ्यात बुडाल्याचे लिहायचे. वाचणाऱ्यालाही ठाऊक असते, तो मनातल्या मनात निम्मे करून घेतो. मी लिहिले, 'जीर्ण, अपुरी व गैरसोयीची.' पा.सा. म्हणाले, "मऊ आहे. दिल्लीला कडक लागते." मग लिहिले: 'इमारत प्रसूतीच्या कामास सर्वथा अयोग्य.' त्यांनी सही ठोकली.

मंगळवार, १४ जानेवारी १९५८

संक्रांत. तिळगूळ घेऊन कुसुमकडे. प्रस्ताव दिल्लीला गेला, सचिवालयाची शिफारस आहे, असे सांगितले. इतकी खुलली! म्हणाली, नळ आला की बंबाला पहिली हळदकुंकवाची बोटे तुझ्या हातची. हसलो दोघे. आई असताना हसायचो तसे.

"काय लिहिलंस रे आमच्याबद्दल?"

"नेहमीचंच."

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी आमच्या भागाचे कॉर्पोरेटर ऑफिसात. "दिल्लीची फाईल कुठवर आली, कर्णिक? मागे लागा." संध्याकाळी लालबागला सभा, तेच व्यासपीठावर. "दिल्लीची मेहेरबानी आम्हाला नको!" टाळ्या. मीही वाजवल्या. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, घसा बसेपर्यंत ओरडलो. मनापासून ओरडलो, ढोंग नव्हते. शेजारी लक्ष्मीचा नवरा राणे भेटला, पाळी सुटून तसाच आलेला, केसांत कापूस. म्हणाला, "साहेब, मुंबय आमची झाली की आमचे पैशे आमीच खर्च करतलंव, होय मां?" होय म्हटले. घरी येताना मात्र तोच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. आताही पैसे आमचेच आहेत, निम्मे तर नक्की. पण कशावर घालायचे ते आम्ही कुठे ठरवतो? निम्म्याच्या मागे दुसरे निम्मे आपोआप चालू लागते.

सौ.ने गरम पाण्यात मीठ घालून दिले, गुळण्या केल्या.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मंजुरी आली! पा.सा.नी पेढे मागवले. सगळे येऊन हात मिळवून गेले. मी पेढा तोंडात टाकून पत्राचे दुसरे पान उलटले.

इमारत सर्वथा अयोग्य असल्याचे आपणच कळवले आहे, सबब १ एप्रिलपासून तेथे एकही रुग्ण ठेवू नये. अयोग्य इमारतीला खोली जोडण्यात अर्थ नाही, सबब संपूर्ण नवे प्रसूतिगृह मंजूर. त्यासाठी मोकळी जागा इतकी इतकी हवी. तेवढी जागा भोईवाड्यात नाही. शीवला आहे, तीन मैल दूर.

तीनदा वाचले. आमच्या ऑफिसात मनातल्या मनात निम्मे करतात, दिल्लीने जसेच्या तसे घेतले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

पा.सा.च्या खोलीत. म्हटले, साहेब, दुसरे पत्र लिहू. इमारत जुनी आहे पण चालते, असे.

"आणि पहिले पत्र? खोटे होते म्हणू?"

"जरा वाढवून होते."

"नोट कुणाची?"

"माझी. सही आपली."

त्यांनी चष्मा पुसला. वाईट माणूस नाही. म्हणाले, "इमारत चालते म्हटले की ग्रँट गेली. दुरुस्तीचे पैसे तर आधीच इकडे वळवलेत, ते काही परत यायचे नाहीत. मग नळही नाही आणि नवे प्रसूतिगृहही नाही. सांगा, काय करू?" येऊन जागेवर बसलो.

शनिवार, ८ मार्च

कुसुमला सांगितले. पत्राची नक्कल नेली होती, तिने स्वतः वाचली. एकाच शब्दावर बोट ठेवून विचारले, "हा तुझा?"

हो.

"दादा, मागच्या पावसापासून इथे एक बाळ गेलं नाही. एक बाई दगावली नाही. पाणी वाहून आणून. अयोग्य काय होतं ते मला दाखव." मी म्हटले, कुसुम, तुझ्या नळासाठीच लिहिले. ती ओरडली, "माझ्यासाठी म्हणू नकोस!" खाटांवरच्या बायका माना वळवून पाहू लागल्या. मला तिथून पळावेसे वाटले. पळालोच म्हणा ना.

सोमवार, १७ मार्च

कॉर्पोरेटरांना गाठले. त्यांना वाटले, मी अभिनंदनाला आलो. "शीवला होऊ दे की, मुंबईतच आहे ना? कोनशिला बसवू झकास." लालबागची बाई कळा देत शीवपर्यंत कशी जाईल, विचारले. "मोठी इस्पितळे आहेत की जवळ." हे मी कुसुमला आधीच म्हणून पाहिले होते. तिने मला लक्ष्मी राणेकडेच पाठवले होते विचारायला. लक्ष्मी म्हणाली, "थंय माका कोण वळाखता? हय कुसुमताय आसत." तिला फॉर्म, शेरा, ग्रँट काही समजावता येईना.

सोमवार, ३१ मार्च

वर्षअखेर. सगळे ऑफिस लग्नघर झालेले. जो तो सह्या घेत पळतोय. शीवला सकाळी नारळ फुटला, माळरानावर चार विटा मांडल्या, फोटो काढला. कामाचा हुकूम दुपारी निघाला, दिल्लीचा पैसा वाचला. तिकडे भोईवाड्यात लॉरी जाऊन खाटा गोदामात आल्या. दोन खाटा कमी भरल्या. मी यादीवर 'मोडक्या' लिहिले आणि कुणाला विचारले नाही.

कुसुमची बदली शीवला. पण शीवला अजून इमारत नाही, म्हणून तोवर देवी टोचण्याच्या खात्यात.

मंगळवार, ८ एप्रिल

कुसुमने इमारतीची किल्ली जमा केलेली नाही. दोनदा स्मरणपत्र गेले, दोन्ही माझ्याच अक्षरात. उत्तर नाही. माझ्याशीही बोलत नाही. सौ. जाऊन आली, आमरसाच्या वाट्या देऊन. काय म्हणाली विचारले तर, "वाट्या ठेवून घेतल्या" एवढेच.

रविवार, २० एप्रिल

राहवेना म्हणून सकाळी भोईवाड्यास गेलो. पुढचे दार बंद, कुलूप. मागल्या बाजूने धूर येत होता. बंबाचा. वळून गेलो तर मागचे दार उघडे, राणे उंबऱ्यावर उकिडवा बसलेला, हातात न पेटवलेली विडी. मला पाहून दचकला, उठून उभा राहिला. आतून कुसुमचा आवाज, "कोण आहे? कोणी का असेना, पाणी आणा!"

दोन्ही बादल्या उचलल्या. अंगणापलीकडचा नळ, मग अंगण, मग दोन पायऱ्या. आठ खेपा झाल्या की नऊ, आठवत नाही. धोतर पार भिजले. तीन वर्षे या बादल्यांवर शेरे मारतोय, उचलल्या आज. पाचव्या खेपेला रडू आले, का ते सांगता येणार नाही. राणेने पाहिले, न पाहिल्यासारखे केले आणि एक बादली माझ्या हातून घेतली.

साडेदहाच्या सुमारास रडण्याचा आवाज आला. मुलगी.

त्या दोन मोडक्या खाटांपैकी एकीवर लक्ष्मी. दुसरीवर आणखी कुणी, भिंतीकडे तोंड करून. कुसुमने हात पुसले, माझ्याकडे पाहिले. महिन्याने बोलली. "दादा, आणखी तिघी आहेत या महिन्यात." मग म्हणाली, "तू आला होतास हे मी कुणाला सांगणार नाही."

सोमवार, २१ एप्रिल

ऑफिसात गेलो तो टेबलावर कागद तयार. दिल्लीचा पुढचा हप्ता सुटण्यासाठी दाखला हवा: 'भोईवाडा येथील अयोग्य इमारत पूर्ण रिकामी असून तेथे एकही रुग्ण नाही. समक्ष पाहणी केली.' खाली माझे नाव छापलेले, सही तेवढी व्हायची. नाही केली तर पाहणीला दुसरा कुणी जाईल, मागच्या दाराने. शीवच्या कामाचा पैसाही तिथेच अडकेल. केली तर या महिन्यात तिघींचे निभेल, पण पुढे कधीही कुणी म्हणू शकणार नाही की ती इमारत चालत होती. माझ्याच हाताने दोनदा मेलेली असेल.

पा.सा. बारा वाजता विचारून गेले. मग तीन वाजता. "झाले का, कर्णिक?"

उजवा खांदा धरला आहे, म्हटले. लिहिता येत नाही. उद्या.

"कशाने धरला?"

पाणी भरले काल, म्हटले. त्यांनी माझ्या खांद्याकडे पाहिले. मग कागद उचलला नाही, तसाच पेपरवेटखाली सरकवून गेले.

सौ. आता तेल गरम करते आहे. खांदा खरोखरच दुखतो.